वाचकांचे प्रश्न : वस्तीतली अभ्यासिका

शाळा सुटल्यावर वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका चालवणाऱ्या आणि चालवू पाहणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं छापलेली नाहीत. उत्तरं हे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाला वस्तीतलं समाजमंदिर वापरायला मिळेल असं दिसतं. तीस-पस्तीस मुलं येतील. सुरुवात कशी करावी आणि पैसा कशाकशाला लागतो? (पुणे)

उत्तर : समाजमंदिर ‘मिळेल असं दिसतं’ यावर विसंबून सतरंज्या आणू नका. ते महापालिकेचं असेल तर क्षेत्रीय कार्यालयाकडून आणि खेडेगावात ग्रामपंचायतीकडून लेखी परवानगी घ्या. त्यात वार आणि वेळ लिहून घ्या. कुणा पुढाऱ्याने तोंडी दिलेली जागा निवडणुकीनंतर हातची जाते आणि मुलं रस्त्यावर येतात. लेखी परवानगी असली तरी लग्नसराई, गणपती आणि नवरात्रात तिथे वर्ग भरणार नाही. त्या दिवसांसाठी शाळेचा एखादा वर्ग, अंगणवाडी किंवा एखाद्या घराची गच्ची आधीच बोलून ठेवा. चार दिवसांचा खंड पडला की मुलं परत येतात. पंधरा दिवसांचा पडला की नव्याने घरोघर फिरावं लागतं.

वेळ ठरवण्याआधी वस्तीतली मुलं शाळेच्या कोणत्या पाळीत आहेत ते पाहा. महापालिकेच्या बऱ्याच शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळच्या पाळीतलं मूल दुपारी एकलाच मोकळं होतं आणि आई-वडील कामावरून येईपर्यंत गल्लीत असतं. दुपारच्या पाळीतलं मूल सहाला घरी पोचतं. दोघांसाठी एकच वेळ ठेवली तर एक गट कायमचा तुटतो. मुलं पस्तीस असतील तर एक तुकडी तीन ते पाच आणि दुसरी सव्वासहा ते आठ, अशी सोय बरी पडते.

जमिनीवर वही-पुस्तक मांडून बसायला एका मुलाला साधारण दहा चौरस फूट जागा लागते. वीस बाय पंधराच्या खोलीत तीसच्या वर मुलं घेऊ नका. अशा खोलीला वीस वॅटच्या चार एलईडी नळ्या हव्यात. एकाच नळीवर चालवलं की मागच्या रांगेतली मुलं वहीवर वाकतात आणि वाचायला कंटाळतात, मग त्यांना आळशी म्हटलं जातं. वीज जात असेल तर चार्जिंगचे दोन दिवे ठेवा. सामान फार लागत नाही: सतरंज्या, एक मोठा फळा, प्रत्येकाला पाटी, बाराखडीचा तक्ता, अक्षरकार्डं, आइस्क्रीमच्या पाचशे काड्या आणि रबरबँड, गोष्टींची साठ-सत्तर पातळ पुस्तकं. एक कुलपाचं कपाट मात्र हवंच, कारण समाजमंदिर दिवसा इतरांचंही असतं.

सर्वांत मोठा खर्च मुलांना शिकवणाऱ्या ताईच्या मानधनाचा. तो वाचवण्याच्या नादात बहुतेक अभ्यासिका बंद पडतात. कॉलेजची मुलं उत्साहाने येतात, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि एप्रिल-मेमध्ये त्यांच्याच परीक्षा असतात. नेमकी तेव्हाच वस्तीतल्या मुलांना त्यांची गरज असते. म्हणून वस्तीतलीच बारावी झालेली मुलगी किंवा लिहितीवाचती सून निवडा, तिला नियमित मानधन द्या आणि स्वयंसेवकांना तिच्या मदतीला ठेवा. तिला घरं माहीत असतात, कुणाचा बाप आजारी आहे, कोण गावी गेलंय हे तिला विचारावं लागत नाही. पंधरा मुलांमागे एक मोठं माणूस पुरतं. वाचन अजिबात न येणाऱ्यांच्या गटाला मात्र आठ-दहांमागे एक हवं.

नोंदणी पहिल्याच दिवशी लागत नाही. मात्र पावतीपुस्तक छापून लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल तर नोंदणी नसलेल्या गटाला धर्मादाय कार्यालयाचे नियम लागू होतात. तिथे आधी विचारून घ्या. वर्षभर काम टिकलं की किमान सात जण मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी करा. तोवर जमाखर्चाची एक वही, तिच्यावर दर आठवड्याला दोघांच्या सह्या.

प्रश्न : आमच्याकडे सहावी-सातवीची मुलं येतात. त्यांना धड वाचता येत नाही. सगळा वेळ गृहपाठ करून देण्यातच जातो. काय करावं? (नाशिक)

उत्तर : ‘करून देण्यात’ हा शब्द तुम्हीच वापरला आहे आणि दुखणं तिथेच आहे. वाचता न येणारं मूल फळ्यावरचं किंवा गाईडमधलं उत्तर अक्षर अक्षर चितारून काढतं. वही भरते, बाई लाल शेरा देतात, घरचे खूश होतात आणि मूल आठवीत जातं तरी त्याला बसवरची पाटी वाचता येत नाही. अभ्यासिकेने हे चालू ठेवू नये. दोन तासांतला शेवटचा अर्धा तास गृहपाठाला द्या, त्याआधी नाही.

पहिला आठवडा मुलांची पातळी पाहण्यात घालवा. मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत २००५ पासून वापरली जाणारी साधी पद्धत इथेही चालते. एका वेळी एकच मूल, बाकीच्यांपासून लांब, पाच-सात मिनिटं. आधी पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा पुढे ठेवा. तो वाक्यासारखा, तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्या. उतारा अडला तर सुटे शब्द द्या: पाचांतले चार बरोबर यायला हवेत. तेही अडले तर अक्षरं. गणितात दोन अंकी हातच्याच्या वजाबाकीपासून सुरू करा. दोन्ही उदाहरणं जमली तर तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला सांगा. नाही जमली तर दोन अंकी संख्या ओळखायला द्या. मग इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करा. सातवीतला मुलगा चौथीतल्या मुलीशेजारी बसेल. त्याला त्याची लाज वाटू नये म्हणून गटांना पहिला-दुसरा असे क्रमांक देऊ नका आणि दर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून मुलं पुढच्या गटात हलवा. गट बदलतात हे एकदा डोळ्यांनी दिसलं की कुरकुर थांबते.

अक्षरांच्या गटात रोज बाराखडीचा तक्ता घ्या, पण ओळीने घोकून नव्हे. ‘क का कि की’ मुलांना गाण्यासारखं पाठ असतं, बोट मात्र भलत्याच अक्षरावर फिरत असतं. म्हणून उभं वाचा, आडवं वाचा, मधूनच विचारा. मूल जे बोलतं ते एक वाक्य ताईने फळ्यावर लिहावं: ‘काल आमच्या नळाला पाणी आलं नाही.’ आपलंच बोलणं लिहिलेलं दिसलं की मूल ते वाचून दाखवतं. मग त्यातले शब्द सुटे करा. घरी गोरमाटी, वडारी, कैकाडी किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाला त्याच्या घरचा शब्द बोलू द्या, शेजारी मराठी शब्द लिहा.

जोडाक्षरांवर गाडी हमखास अडते, त्यातही ‘र’वर. पर्वत, प्रकाश, ट्रक आणि सुऱ्या या चार शब्दांत तोच र चार रूपांत येतो. ‘पर्वत’मधला र लिहिला जातो व च्या डोक्यावर, पण उच्चारायचा त्याच्या आधी. हे कुणी उलगडून सांगितलेलं नसतं. म्हणून मूल ‘पवर्त’ वाचतं आणि त्याला नीट बघून वाच म्हणून ओरडा बसतो, खरं तर ते नीट बघूनच वाचत असतं. एकेका रूपाला एकेक आठवडा द्या. दहा-दहा शब्द कार्डांवर लिहा, मोठ्याने वाचा, टाळी वाजवून तोडा: पर्‌-वत, सूर्‌-य.

गणितात आपल्या संख्यानामांचा त्रास समजून घ्या. ‘त्रेपन्न’ ऐकताना तीन आधी कानावर पडतो आणि मूल ३५ लिहितं. ‘एकोणसत्तर’ ऐकून ७९ लिहिणारी मुलं तर प्रत्येक वर्गात सापडतील. अशा वेळी फळ्यावर शंभर वेळा लिहून घेऊ नका. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा. संख्या उच्चारली की मुलाने गठ्ठे आणि सुट्या काड्या पुढे ठेवायच्या, मगच आकडा लिहायचा. ५२ मधून २७ वजा करताना ३५ उत्तर आलं तर मुलाने सातातून दोन वजा केले, मोठ्यातून लहान काढलं. त्याच्यासमोर पाच गठ्ठे आणि दोन काड्या ठेवा आणि सात काड्या मागा. एक गठ्ठा सोडल्याशिवाय त्याला त्या देता येणार नाहीत. हातचा म्हणजे काय ते तिथे त्याच्या हाताला कळतं. हे नीट बसल्याशिवाय ३०४ वजा १२८ सारख्या, मध्ये शून्य असलेल्या उदाहरणांकडे जाऊ नका.

शाळेतल्या वर्गशिक्षकांना भेटून ही पातळी दाखवा. तक्रारीच्या सुरात नको, अमुक मुलाला सध्या उतारा वाचता येत नाही, दोन-तीन महिने त्याला नकलून काढायचा गृहपाठ कमी द्याल का, एवढंच विचारा. बरेच शिक्षक मान्य करतात.

प्रश्न : मुली बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की येणं बंद करतात. घरी बोलावणं पाठवलं तरी आया सभेला येत नाहीत. (सोलापूर)

उत्तर : आधी मुलीच्या संध्याकाळचा हिशेब मांडा. नळाला पाणी किती वाजता येतं, धाकटं भावंड कुणाकडे असतं, आई कामावरून कधी परतते? पाणी सहाला येत असेल आणि वर्गही सहाला असेल तर मुलगी येणारच नाही, तिला शिकायची आवड नाही असं त्यावरून ठरवू नका. वेळ पाऊण तासाने सरकवा. धाकट्या भावंडाला सोबत आणायची मुभा द्या आणि त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक चटई, ठोकळे, चित्रांची पुस्तकं आणि लक्ष ठेवायला एक माणूस ठेवा. हे केलं की काही मुली त्याच आठवड्यात परततात. स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल तर मोठ्या मुलींची गैरहजेरी महिन्यातून चार दिवस ठरलेली. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, तेव्हा मुलींना गल्लीप्रमाणे गटाने घरी सोडा.

सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी ताईने जायचं, हा नियम मोडू नका.

सभेचं म्हणाल तर धुणीभांडी करणाऱ्या बाईला कामाच्या दिवशी चारची सभा परवडत नाही, एक खाडा पडला की पैसे कापले जातात. रविवारी संध्याकाळी किंवा बचत गटाची बैठक असते तिला जोडून सभा घ्या. चाळीस मिनिटांच्या वर लांबवू नका. ‘तुमचा मुलगा मस्ती करतो’ ऐकायला कुणीही दुसऱ्यांदा येत नाही. प्रत्येक आईच्या हातात तिच्या मुलाची जूनमधली वही आणि आजची वही द्या. वाचता येत नसलं तरी फरक तिला दिसतो. वडिलांना वेगळं बोलवा. मुलीच्या शाळेचा शेवटचा शब्द बऱ्याच घरांत त्यांचा असतो.

घरात वडील नसतील किंवा आई एकटी सांभाळत असेल तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची माहिती द्या. पात्र मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, बँक खातं आणि वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला, ही जुळवाजुळव आयांना एकटीने जमत नाही. नावातला एक काना कमी-जास्त असला तरी अर्ज परत येतो, म्हणून सगळ्या कागदांवरचं नाव आधी शेजारी शेजारी ठेवून तपासा. अभ्यासिकेतला एक स्वयंसेवक फक्त कागदपत्रांसाठी ठेवला तरी त्याचं काम वर्षभर पुरेल.

प्रश्न : दिवाळीनंतर निम्मी मुलं ऊसतोडीला जातात. वर्ग चालवण्यात अर्थ आहे का? (बीड जिल्हा)

उत्तर : नक्कीच आहे, पण तुमचं वर्ष दसऱ्याच्या आधी सुरू झालं पाहिजे. टोळीच्या उचली, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतल्या जातात तेव्हाच कोणाकडची मुलं जाणार याची यादी करा. गावात हंगामी वसतिगृहाची सोय मंजूर होते का, यासाठी शाळा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या मागे लागा. त्यामुळे मूल आजी-आजोबांजवळ राहून शिकू शकतं. जाणाऱ्या मुलांसाठी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्या. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसवून घेणं सोपं जातं. मार्च-एप्रिलमध्ये परतलेल्या मुलांना जुन्या गटात बसवू नका, पातळी पुन्हा पाहा.

प्रश्न : तेरा वर्षांचा मुलगा काकाच्या वडापावच्या गाडीवर उभा राहतो. शाळा जवळजवळ सुटली आहे. त्याचा मोठा भाऊ दहावी नापास होऊन घरी बसला आहे. (ठाणे)

उत्तर : चौदा वर्षांखालील मुलाला कामाला ठेवायला बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने घरच्या धंद्यात मदत करायला सूट दिली आणि कायद्याच्या व्याख्येत काकाही कुटुंबात मोडतो. पण ती मदत शाळा सांभाळून, शाळेनंतर किंवा सुट्टीतच करता येते, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात नाही, आणि काम धोक्याचं नको. उकळत्या तेलाच्या कढईपाशी मूल उभं करणं कुठल्याही हिशेबाने चूक आहे. काकांशी बोलताना थेट कायदा काढू नका. मुलाचे किती पैसे घरात येतात ते आधी समजून घ्या, पैशाचा प्रश्न तसाच राहिला तर तो दुसऱ्या गाडीवर दिसेल.

शाळेचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याने त्याला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. नाकारला तर मुख्याध्यापकांना तसं लेखी द्यायला सांगा. बहुतेक वेळा तिथेच प्रश्न मिटतो. प्रवेशानंतरचे पहिले दोन महिने अवघड असतात, कारण सातवीच्या पुस्तकातलं त्याला काही कळत नसतं. अभ्यासिकेने त्या काळात त्याच्या वाचनाला रोज पाऊण तास द्यायलाच हवा, नाहीतर तो पुन्हा गाडीवर जाईल.

मोठ्या भावाचे एक किंवा दोनच विषय राहिले असतील तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो. जास्त राहिले असतील तर जुलैच्या सुमाराची पुरवणी परीक्षा आहे. शाळा सोडून वर्षं झाली असतील तर बाहेरून परीक्षेला बसण्याचा, सतरा नंबरचा फॉर्म. तो आदल्या वर्षी, साधारण पावसाळ्यापासून भरून घेतला जातो आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. जानेवारीत धावपळ केली तर वर्ष हातचं गेलेलं असतं. नापास मुलांना सगळे विषय एकदम देऊ नका. बहुतेकांचं गणित किंवा इंग्रजी राहतं. उत्तीर्ण होण्यापुरते कोणते धडे पक्के करायचे हे मागच्या प्रश्नपत्रिका घेऊन ठरवा आणि आठवड्याला एक पेपर घड्याळ लावून सोडवून घ्या.

प्रश्न : मुलांना खाऊ काय द्यावा? आम्ही बिस्किटं देतो. (अमरावती)

उत्तर : बिस्किटं बंद करा. शाळेच्या पोषण आहारात पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं धरलेली असतात, पण ते जेवण होऊन चार-पाच तास उलटलेले असतात. चाळीस मुलांना एक किलो हरभरे रात्री आठ-दहा तास भिजवून, शिजवून द्या. प्रत्येकाला मूठभर उसळ आणि साधारण पाच ग्रॅम प्रथिनं मिळतात. उन्हाळ्यात सकाळी शिजवलेली उसळ संध्याकाळपर्यंत आंबते, तेव्हा फुटाणे आणि गूळ, किंवा उकडलेली अंडी. अंडी देण्याआधी पालकांना विचारा आणि शेंगदाणे देत असाल तर कुणाला चालत नाहीत का तेही. खाऊ मधल्या वेळात द्या. शेवटी ठेवला तर काही मुलं फक्त शेवटच्या दहा मिनिटांना येतात, सुरुवातीला दिला तर खाऊन पळतात.

प्रश्न : एका मुलीने स्वयंसेविकेला घरातल्या एका माणसाबद्दल काही सांगितलं. वस्तीत गाजावाजा नको म्हणून आधी घरच्यांशी बोलावं का? (गाव छापलेलं नाही)

उत्तर : नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ ने प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. घरच्यांशी आधी बोललात तर मुलीवर दबाव येतो, तिला गावी पाठवलं जातं आणि तिचं तोंड कायमचं बंद होतं.

स्वयंसेविकेने मुलीचं बोलणं तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून आजच लिहून ठेवावं. पुन्हा पुन्हा विचारू नये, ‘असं झालं का, तसं झालं का’ असं तर मुळीच नाही. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये, ‘तुला मदत करतील अशाच माणसांना सांगेन’ असं सांगावं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मुलीला पोलीस ठाण्यात जाऊन बसावं लागेल ही भीती असते. कायद्याप्रमाणे तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. तिच्या विश्वासाचं माणूस सोबत राहू शकतं. आरोप घरातल्याच माणसावर आहे, म्हणून जागा निवडताना घर टाळा आणि बालकल्याण समितीकडे तिच्या राहण्याच्या सोयीबद्दल विचारा. तिचं नाव अभ्यासिकेतल्या दोघांपलीकडे जाता कामा नये, व्हॉट्सॲप गटावर तर चुकूनही नाही.

आणि तुमच्या अभ्यासिकेचे स्वतःचे नियम लिहून भिंतीवर लावा: बंद खोलीत एक मोठं माणूस आणि एक मूल कधीही नाही, कुणाही मुलाला एकट्याने गाडीवर सोडायला जायचं नाही, पालकांच्या लेखी संमतीशिवाय फोटो नाही, नव्या स्वयंसेवकाचं ओळखपत्र आणि दोन ओळखीच्या माणसांची चौकशी झाल्याशिवाय वर्ग नाही. हे नियम मंडळाच्या अध्यक्षालाही लागू.

प्रश्न : आम्ही अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाचे सभासद आहोत. आमच्या गावच्या अभ्यासिकेला पैसे आणि लॅपटॉप पाठवायचे आहेत. (न्यू जर्सी)

उत्तर : पाठवण्याआधी पासपोर्ट पाहा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. ओसीआय कार्ड असलेला सभासद मात्र परदेशी नागरिक आहे आणि मंडळ ही परदेशी संस्था. त्यांचा पैसा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा परवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येतो, तोही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. दिलेल्या वस्तूही त्यातच मोडतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा संस्थेला तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्यामुळे ‘मोठ्या संस्थेच्या खात्यात टाकतो, ती तुम्हाला देईल’ हा मार्ग बंद आहे. नोंदणी नसलेल्या गावच्या गटाला त्यात ओढू नका, अडचणीत ते येतील. परवानगी असलेली आणि त्याच तालुक्यात काम करणारी संस्था शोधा, आणि अभ्यासिका तिचाच उपक्रम म्हणून चालणार असेल तरच पैसे द्या.

लॅपटॉपऐवजी ताईचं तीन वर्षांचं मानधन द्या. लॅपटॉपला चार्जिंग, कुलूप, दुरुस्ती आणि शिकवणारं माणूस लागतं आणि ते माणूस मानधनावरच टिकतं.